नऊ ते पंधरा वयाच्या मुलांसाठी श्रवणवर्ग: गाण्याची आवड कोणत्या वयात, कशामुळे पालटते?

कट्टा_पार्ले

नमस्कार मंडळी. पार्ले पूर्वेला सोसायटीच्या हॉलमध्ये जूनपासून दर रविवारी मुलांसाठी तासाभराचा श्रवणवर्ग ठेवायचा बेत आहे. गाणं शिकवायचं नाही, फक्त ऐकायचं. पंधरा-वीस मुलं येतील. अडचण वयाची आहे. नऊ वर्षांचं पोर अभंग, कोळीगीत, सिनेमातलं गाणं, सतार, काहीही लावा, ऐकून घेतं. तेराव्या वर्षी तेच पोर दोन-तीन रॅपर सोडले तर बाकी सगळ्याला ‘बोअर’ म्हणतं.

हे नेमकं कशामुळे होतं? दोन्ही वयाच्या मुलांना एकत्र बसवावं का? आणि शास्त्रीय संगीत ऐकवायचं तर सुरुवात कशाने करावी? साधनं म्हणजे एक ब्लूटूथ स्पीकर आणि लॅपटॉप. ‘चांगलं ऐकवा, गोडी आपोआप लागते’ ही उत्तरं कृपया नकोत, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर जमली आहेत.

कानसेन_दादर

एकत्र बसवू नका. नऊ ते अकरा एक गट आणि बारा ते पंधरा दुसरा. तासाचे दोन अर्धे तास करावे लागले तरी चालेल.

लहान मुलं अनोळखी संगीत मोठ्यांपेक्षा जास्त खपवून घेतात, हे इंग्लंडच्या डेव्हिड हार्ग्रीव्ह्ज यांनी १९८२ मध्येच मांडलं होतं. हा मोकळेपणा प्राथमिक शाळेच्या शेवटी आटायला लागतो, तेरा-चौदाच्या सुमारास सगळ्यात कमी असतो आणि विशीकडे जाताना बऱ्याच जणांत परत येतो. म्हणजे तुमच्या मोठ्या गटातल्या मुलांची आवड ‘बिघडलेली’ नाही, ती अरुंद झाली आहे. दोन्हींवर इलाज वेगळा.

अरुंद का होते, याचं एक कारण कानात आहे. ऐकताना मेंदू सतत पुढचा स्वर, पुढची मात्रा ताडत असतो. अंदाज बरोबर आला किंवा थोडासाच चुकला की मजा येते. माँट्रियलच्या २०११ च्या प्रयोगात दिसलं की आवडती जागा यायच्या आधी, नुसती वाट बघतानाच डोपामिन (मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन) स्रवायला लागतं. पण ताडता यायला ती चाल ओळखीची हवी. आणि ओळख फार लवकर बसते. हॅनन आणि ट्रेहब यांचं २००५ चं काम बघा. उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन संगीतातल्या विषम ठेक्यातला बदल कळत होता. वर्षाच्या बाळांना तो कळेना, कारण तोवर कान घरातल्या सरळ ठेक्याला सरावले होते. मात्र वर्षाच्या बाळांना दोन आठवडे रोज थोडा वेळ तसलं संगीत ऐकवल्यावर ते परत कळायला लागलं. प्रौढांच्या बाबतीत तेवढ्याने भागलं नाही.

आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. ज्या मुलाने मिरवणुकीतला बेंजो, सिनेमातली गाणी आणि रील यातला चाराच्या पटीतला ठेकाच ऐकलाय, त्याला सात मात्रांचा रूपक ताल लंगडा वाटतो. म्हणून लहान गटाला आधी राग नको, ताल द्या. रूपक: ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, तीन-दोन-दोन. पहिलीला हात बाजूला (सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, इथे ‘खाली’ म्हणजे बिनटाळीची आहे, हे मुद्दाम सांगा, मुलांना त्याची गंमत वाटते), चौथीला आणि सहावीला टाळी. तो हातात बसला की झपताल: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. टाळ्या पहिली, तिसरी आणि आठवीला, खाली सहावीला. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग त्याच तालातली एक बंदिश लावा. हात चालू असला की कान आपोआप समेची वाट बघतो.

दुसरं कारण कानात नाही, बाकावर आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी ‘मी काय ऐकतो’ म्हणजे ‘मी कुणाच्यातला’ हे सांगणं असतं. त्यामुळे मोठ्या गटात ‘कुणाला आवडलं, हात वर करा’ हा प्रकार चुकूनही करू नका. पहिला हात वर गेला नाही की दुसरा जात नाही, आणि नंतर त्या गाण्यावर कायमचा शिक्का बसतो. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या: पुन्हा ऐकायचं, चालेल, नको. हात वर करवून मिळणारी उत्तरं आणि चिठ्ठ्यांमधली उत्तरं यात बराच फरक दिसेल.

काळी_चार

वरच्या उत्तरात एक मोठी गोष्ट राहिली. या वयात आवाज फुटतो.

मुलांचा आवाज साधारण बारा ते चौदा-पंधराच्या दरम्यान जवळपास एक सप्तक खाली येतो. मुलींचाही बदलतो, पण दोन-तीन पट्ट्यांनी, आणि काही काळ त्यात हवा मिसळते. पेटीच्या काळी पाच पट्टीतून सहज गाणारा मुलगा काही महिन्यांत काळी एकच्या आसपास येतो, आणि मधल्या काळात तर जेमतेम पाच-सहा स्वर भरवशाचे उरतात. कालपर्यंत जे गाणं स्वतः म्हणता येत होतं ते आज चिरकतं. चारचौघांत चिरकण्यापेक्षा ‘मला हे आवडत नाही’ म्हणणं सोपं. कित्येक मुलगे याच वयात गाण्याचा क्लास सोडतात आणि घरचे समजतात की गोडी गेली. गोडी नाही, पट्टी गेली.

त्यामुळे मोठ्या गटात ‘चला, सगळे मिळून म्हणूया’ ठेवू नका. ठेवलंच तर पट्टी उतरवा, तार सप्तकात जाऊ नका आणि पाच स्वरांच्या आत राहा. त्याहून बरी सोय म्हणजे पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं. त्यात स्वर लागत नाही, फक्त बोल आणि लय. कुर्ला-धारावीतला रॅप ऐकणाऱ्या पोराला ती लगेच जवळची वाटते, कारण जीभ आणि मात्रा यांचाच खेळ आहे. सोळा मात्रांच्या तीनतालातली ही जुनी तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपणारा तुकडा) घ्या: तिट कत गदि गन धा. पाच मात्रा, तीनदा, मध्ये न थांबता. सुरुवात तिसऱ्या मात्रेवर. धा सातव्या, बाराव्या आणि पुढच्या समेवर येतो. मुलं हमखास पहिल्या मात्रेपासून सुरू करतात आणि शेवटचा धा पंधराव्यावर पडतो. लगेच दुरुस्त करू नका, ‘सम कुठे गेली?’ एवढंच विचारा. ते मोजायला लागले की अर्धं काम झालं. मग तबल्याचं सोलो वादन लावलंत तर तीच मुलं मोजत ऐकतील.

लोकलप्रवासी

शास्त्र वगैरे ठीक आहे हो. पण चौदाव्या वर्षी जे कानात बसतं तेच जन्मभर राहतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग एवढा खटाटोप कशाला?

डग्गा

@कट्टा_पार्ले, आवडीच्या आधी स्पीकर तपासा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो.

मोबाइलच्या स्पीकरमधून तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही येत नाही. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्याचा) मूळ नाद साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास. म्हणजे फोनवर तबला ऐकणाऱ्या मुलाने डग्गा ऐकलेलाच नसतो, त्याला फक्त टिकटिक ऐकू येते. तानपुऱ्याचा खर्जही तसाच जातो. आजची गाणी छोट्या स्पीकरवरही उठून दिसावीत अशीच मिक्स केलेली असतात, आवाजाची पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सपाट. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आलाप हळू आवाजात आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतला भाग, मोठ्या आवाजात. लोकलमध्ये तो आलाप गाडीच्या खडखडाटात बुडतो. मग पोरगं म्हणतं, यात काही होतच नाही. त्याच्या कानापुरतं ते खरंच आहे.

तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर वीस मुलांना पुरणार नाही. पाच इंची वूफरचे दोन स्पीकर कुणाकडून तरी मिळवा आणि वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो. काही प्लेअर चित्र त्याच्याशी जुळवून घेतात, सगळे घेत नाहीत, आणि मग तबल्याचा व्हिडिओ दाखवताना हात आधी पडतो, बोल मागून. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, डग्गा घुमतो आणि बाकी सगळं गढूळ होतं. बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मुलं अर्धगोलात, तीन-चार मीटरच्या आत. लादी आणि रिकाम्या भिंती असतील तर सतरंज्या अंथरा, पडदे ओढा. जूनमध्ये पंखे फुल असतात, त्यात तानपुरा बुडतो, ते मध्यमवर आणा. आणि हॉलच्या खिडकीवर पत्र्याची पडवी असेल तर पावसाच्या सरीत आलाप लावूच नका, त्या दिवशी ढोलकी.

हेडफोनबद्दल पालकांना एक कागद द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असा आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल, ४० तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: मुलांसाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला पाच. साधा नियम असा की घरात, शांत खोलीत आवाज किती लागतो ते बघायचं आणि ट्रेनमध्ये त्याच्या वर जायचं नाही. तेवढ्यावर ऐकू येत नसेल तर रबरी टोपी बदलून कानात नीट बसणारी लावायची, आवाज वाढवायचा नाही.

कट्टा_पार्ले

हे सगळं फार कामाचं आहे. दोन गट नक्की केले. स्पीकर एका सभासदाकडे आहेत, त्यांना गाठतो. आता फक्त शास्त्रीयची सुरुवात कशाने, आणि एक गाणं किती वेळा लावावं, एवढं सांगाल का? आणि मुलांना प्रत्यक्ष मैफलीला न्यावं का?

कानसेन_दादर

विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या ख्यालाने सुरुवात करू नका. हिशोब करा. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असेल तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं झालं. नवख्या कानाला तेवढा वेळ सम धरून ठेवता येत नाही, म्हणजे ताडायला काही नाही, म्हणजे मजा नाही. मध्यलय तीनताल घ्या, मिनिटाला १२० ते १६० मात्रा. सोळा मात्रा आठ ते सहा सेकंदांत येतात. पाच ते आठ मिनिटांची एक बंदिश पुरे.

रागांची ओळख जोडीने करून द्या. भूप: सा रे ग प ध. दुर्गा: सा रे म प ध. एकाच स्वराचा फरक. पेटीवर दोन्हींचे आरोह तीन-चारदा वाजवा, मग न सांगता एक वाजवून ‘पहिला की दुसरा?’ विचारा. लहान गट हे पटकन पकडतो. ‘हा राग रात्रीचा, तो सकाळचा’ ही माहिती सुरुवातीला नको, ती पाठांतरात जाते.

किती वेळा, याचं उत्तर: ओळख वाढते तशी पसंती आधी चढते आणि मग उतरते. साधी चाल लवकर चढते आणि लवकर कंटाळवाणी होते, गुंतागुंतीची हळू चढते आणि जास्त टिकते. म्हणून तीच बंदिश लागोपाठ तीनदा नको. एका रविवारी एकदा, पुढच्या रविवारी मुलं जमत असताना मागे हळू आवाजात, तिसऱ्या रविवारी पुन्हा नीट. चिठ्ठ्या तिसऱ्या वेळेनंतरच घ्या. पहिल्या वेळच्या ‘नको’ला काही अर्थ नसतो.

मैफल: पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाला, किंवा दादर-माटुंगा कल्चरल सेंटरला न्या, पण मध्यंतरानंतर. पूर्वार्धात बहुतेक वेळा बडा ख्याल, म्हणजे तोच संथ ख्याल, असतो. उत्तरार्धात छोटा राग, नाट्यपद, अभंग, भैरवी. बसवायचं तबल्याच्या बाजूला, पुढे, म्हणजे हात दिसतात. मध्येच उठायची वेळ आली तर दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत.

@लोकलप्रवासी, तुम्ही म्हणता ते अर्धंच खरं आहे. होलब्रुक आणि शिंडलर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत लोकांना १९३२ ते १९८६ मधली २८ गाजलेली गाणी ऐकवली, तेव्हा सर्वाधिक पसंती ऐकणाऱ्याच्या साधारण साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपासच्या गाण्यांना मिळाली, चौदाव्या नाही. आणि तो गाजलेल्या गाण्यांचा हिशोब आहे. त्यातून चाळिशीत नवं काही आवडत नाही असं निघत नाही. तरुणपणीची गाणी आठवणींना चिकटलेली असतात एवढंच.

डग्गा

त्यात भर. साठीनंतर आधी वरच्या पट्टीतला नाद ऐकू येईनासा होतो, मग स, श, फ, ट अशी व्यंजनं पुसट होतात. ‘आजकालच्या गाण्यात शब्दच कळत नाहीत’ यातला एक भाग इथून येतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज पुढे आणि वाद्यं मागे, म्हणून ती सोपी जातात. तुमच्या वर्गाला आजी-आजोबा येऊन बसणार असतील (पार्ल्यात येणारच) तर व्हॉल्यूम वाढवू नका, मुलांच्या कानाला त्रास. बास थोडा कमी करा, इक्वलायझरवर दोन ते चार किलोहर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबलने उचला, आणि त्यांना स्पीकरजवळची खुर्ची द्या.

काळी_चार

आणि तो लॅपटॉप कुणाच्या घरचा असेल तर वर्गासाठी वेगळं खातं उघडा, ऑटोप्ले बंद ठेवा. नाहीतर दुर्गा संपल्या संपल्या त्या घरातल्या धाकट्याचं बडबडगीत लागतं आणि मोठा गट त्या दिवशी परत ताब्यात येत नाही.