चोकच्या ट्यूब काढून एलईडी: बिलात खरंच किती फरक पडेल?

ऐरोलीकर_8
वन बीएचके, इमारत जुनी. तांब्याच्या चोकच्या (ट्यूबचा करंट आवरणारं जुनं कॉइल) चार ट्यूब, रोज साधारण पाच तास लागतात. बाथरूमच्या बंद काचेच्या दिव्यात 9 वॉटचा एलईडी टाकला की सहा महिन्यांत जातो. बेडरूमचा एलईडी बटण बंद केल्यावरही मिणमिणतो. महावितरणचं बिल 240 युनिटच्या आसपास. सगळं एकदम बदलू का?

चोकबंदी
आधी हिशेब. 40 वॉटची ट्यूब चोक धरून 50-52 वॉट खाते. चार ट्यूब, पाच तास म्हणजे महिन्याला 31 युनिट. 20 वॉटच्या बॅटनवर (पट्टीसकट येणारी एलईडी ट्यूब) तेच 12 होतील, वाचले 19. हे युनिट तुमच्या 101 ते 300 च्या स्लॅबमधून (दराच्या टप्प्यातून) कमी होतात, म्हणून बिलाच्या सरासरीने गुणू नका. वरच्या स्लॅबचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा. स्थिर आकार आहे तेवढाच राहणार.

खोक्यावर वॉटपेक्षा ल्यूमेन (उजेडाचं माप) बघा, 20 वॉटला 2000 तरी हवेत. आणि जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायच्या भानगडीत पडू नका. काहींना सप्लाय एका टोकाला लागतो, काहींना दोन्ही. उद्या कुणी त्यात साधी ट्यूब अडकवली तर फट्! अख्खी पट्टीच उतरवा. बॅटनला दोन स्क्रू, दोन वायरी, काम संपलं.

टेस्टर_खिशात
मिणमिणण्याचं बहुतेक कारण एकच: बटण फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) घेतलंय. बटण बंद करून बल्ब काढा, होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. लख्ख पेटला तर फेज तिथे उभी आहे, आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. एकाच दिव्याचं असेल तर बोर्डात वायर बदलून होईल. सगळ्याच बटणांचं असेल तर बोर्डाला येणारी फेज-न्यूट्रलच उलटी आहे. एमसीबी (मीटरजवळचा सुरक्षा खटका) पाडून, वायरमनकडूनच करून घ्या. बटणात छोटा इंडिकेटर असला तरी असंच होतं, तेव्हा फक्त बटण बदला.

बाथरूममध्ये बल्बचा दोष कमी, काचेचा जास्त. उष्णता कोंडते, ड्रायव्हरमधला (बल्बमधलं वीज पुरवणारं सर्किट) कपॅसिटर सुकतो. उजेड देणारी चिप बहुतेक वेळा शाबूत असते. 5 वॉटचा टाका, नाहीतर काच काढून छताला लावायचा पॅनेल दिवा घ्या. होल्डरची स्प्रिंग दाबून बघा. खाडीच्या दमट हवेत ती ढिली पडते, टोक काळं होतं आणि करकर सुरू होते. तो होल्डर घासत बसू नका, नवा लावा.

ऐरोलीकर_8
या चारांखेरीज स्वयंपाकघराची ट्यूब अर्धा तासच लागते, तीही बदलू?

चोकबंदी
जाईल तेव्हा बदला. तेवढ्या पैशात पंख्याकडे बघा: 75 वॉटचा जुना पंखा 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट, 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) सुमारे 11. मात्र त्याच्या वाटेत जुना रेग्युलेटर ठेवू नका, सरळ बटणावर घ्या. नाहीतर पंखा अडखळतो आणि त्याचं सर्किट जातं.