‘अदूष्य’ या शब्दात माझ्यासारखा माणूस बसतो का?

प्रश्न : एक सभासद, नागपूर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीत पुढच्या महिन्यात वडिलांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांची, निवड आहे आणि या वेळी तीन सभासदांनी माझे नाव सुचवले आहे. १ तीमथ्य ३ (प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय) शांतपणे वाचा, प्रार्थना करा आणि मगच संमतिपत्रावर सही करा, असे पाळकसाहेबांनी सांगितले. मी त्यातल्या दुसऱ्या वचनावरच अडकलो आहे. अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, ‘अदूष्य’ असावा, असे तेथे म्हटले आहे.

२०११ च्या मे महिन्यात दान मोजणाऱ्या दोघांपैकी मी एक होतो. उपासना संपल्यावर वेस्ट्रीतल्या (चर्चच्या बाजूच्या खोलीतल्या) टेबलावर चादर अंथरून थैल्या रिकाम्या करायच्या, नोटा सरळ करून त्यांची चवड लावायची, नाण्यांचे दहा-दहाचे ढीग करायचे आणि शेवटी रजिस्टरवर दोघांनी सह्या करायच्या, अशी पद्धत होती. त्या रविवारी कूलर बंद पडला होता आणि घामाने नोटा बोटांना चिकटत होत्या. माझ्या जोडीदारांच्या घरी लग्न असल्यामुळे ते लवकर निघून गेले आणि मी एकट्यानेच मोजणी केली. एकूण ७,४६० रुपये झाले. आई तेव्हा दवाखान्यात होती, औषधांना पैसे पुरत नव्हते आणि पगाराला नऊ दिवस होते. मी रजिस्टरमध्ये ७,४६० हाच आकडा लिहिला, सोमवारी बँकेत ४,४६० जमा केले आणि उरलेले ३,००० पगाराच्या दिवशी जमा केले. जोडीदारांनी बुधवारच्या प्रार्थनासभेला आल्यावर रजिस्टरवर सही केली. वर्षाची बेरीज जुळली आणि पासबुकातल्या दोन तारखांविषयी कोणी विचारले नाही.

पैसा परत गेला आहे, आणि आजवर मी हे कोणालाही सांगितलेले नाही. माझे दोन प्रश्न आहेत. ‘अदूष्य’ म्हणजे ज्याच्या हातून कधीच काही चुकले नाही असा माणूस, असा अर्थ घ्यायचा का? आणि तसा तो नसेल, तर निवडीपूर्वी मी हे सांगायला हवे का, आणि कोणाला?

उत्तर १ : निवृत्त पाळक

बंधो, आपण नावाची चर्चा सुरू झाल्यावर गप्प न बसता विचारले, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. तीस वर्षांच्या सेवेत निवडीचे अनेक अर्ज माझ्या हातून गेले. सहीपूर्वी या वचनावर थांबलेली माणसे मला फार थोडी भेटली.

आधी शब्द पाहू. ‘अदूष्य’ असे ज्याचे भाषांतर झाले आहे तो ग्रीक शब्द अनेपिलेम्प्तोस असा आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘ज्याला धरायला जागा सापडत नाही’ असा होतो. कुस्तीत एखाद्या गड्यावर पकड बसत नाही असे आपण म्हणतो, तसे काहीसे. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात हा शब्द तीनदा येतो : ३:२ मध्ये अध्यक्षासाठी, ५:७ मध्ये विधवा आणि त्यांच्या घरच्यांच्या संदर्भात, आणि ६:१४ मध्ये खुद्द तीमथ्याला आज्ञा देताना. मधला उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मंडळीत ज्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते त्या बायकांकडूनही पौल तीच अपेक्षा ठेवतो. ‘मी काही वडील नाही, मला काय त्याचे’ असे म्हणण्याची सोय तो कोणालाच ठेवत नाही. तीताच्या पत्रात १:६ मध्ये अनेग्क्लीतोस हा वेगळा, कोर्टकचेरीच्या वळणाचा शब्द आहे : ज्याच्यावर आरोप ठेवता येत नाही तो. १ तीमथ्य ३:१० मध्ये सेवकांसाठीही हाच शब्द आहे, आणि त्यांची आधी पारख व्हावी असे तेथे स्पष्ट सांगितले आहे.

यांपैकी कोणत्याही शब्दाचा अर्थ निष्पाप असा नाही. लूक १:६ मध्ये जखऱ्या आणि अलीशिबा यांना निर्दोष म्हटले आहे. त्याच अध्यायात, चौदा वचनांनंतर, देवदूताच्या शब्दावर विश्वास न ठेवल्यामुळे जखऱ्याची वाचा बंद होते. ईयोबाला आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘सात्त्विक’ म्हटले आहे. मूळ इब्री शब्द ‘ताम’ हा पुरता, अखंड, आतबाहेर एकच असलेला अशा अर्थाचा आहे, आणि तोच ईयोब १३:२६ मध्ये आपल्या तारुण्यातल्या पापांविषयी बोलतो. म्हणजे ज्याची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकच आहे, आणि चूक झाली तर जो ती झाकून ठेवत नाही, अशा माणसाविषयी शास्त्र बोलत आहे.

आता आपली गोष्ट. ते ३,००० रुपये परत आले, तरी पकड बसण्याची जागा त्या दोन तारखांत आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांच्या मौनात उरली आहे. नियमशास्त्रात अशा प्रसंगासाठी एक वाट सांगितली आहे. गणना ५:७ आणि लेवीय ६:५ एकत्र वाचले, तर कबुली, पुरते मुद्दल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा अशा तीन गोष्टी दिसतात. आपल्या बाबतीत तो हिस्सा ६०० रुपये होतो. ख्रिस्ती माणसाने हा कर म्हणून भरावा, असे माझे म्हणणे नाही. क्षमा विकत मिळत नाही. पण मुद्दल जागेवर ठेवले की प्रकरण मिटले, असे देवाने कधीच मानले नाही, एवढे त्यावरून कळते. जक्कय हा जकातदार तर लुबाडलेल्याच्या चौपट द्यायला तयार झाला होता.

माझा सल्ला असा, की आधी पाळकसाहेबांकडे जावे, आणि त्यांच्यासह पास्टरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीच्या कार्यकारी समितीपुढे. या वर्षी नाव राहावे की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे.

उत्तर २ : हिशेबनीस

मी एका मंडळीचे हिशेब पाहतो, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. रजिस्टरवर आपली एकट्याची सही नाही. जे पैसे आपल्या जोडीदारांनी मोजलेच नाहीत, त्यांच्यासमोर त्यांचे नाव आहे, आणि उद्या कोणी ते पासबुक शेजारी ठेवले तर उत्तर त्यांनाही द्यावे लागेल. आपल्या लिखाणात आईचा, पगाराचा आणि स्वतःच्या मनाचा उल्लेख आहे. त्यांच्याविषयी जेमतेम दोन वाक्ये आहेत. मत्तय ५:२३-२४ नुसार अर्पण वेदीपाशी ठेवून ज्या भावाकडे आधी जायचे, तो भाऊ आपल्या बाबतीत बहुधा हाच आहे.

यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही. २ करिंथकर ८:१८-२१ मध्ये तो तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला आणखी एक भाऊ पाठवतो आणि त्याचे कारणही सांगतो : एवढ्या मोठ्या रकमेच्या कामात कोणी दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते व्हावे. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयी आपल्यापैकी कोणाला शंका नाही, तरीही त्याने सोबत माणूस घेतला. मोजणीला दोघे हवेत, हा नियम कोणावर अविश्वास दाखवण्यासाठी केलेला नाही. घरात आजारपण आणि हातात दुसऱ्याचे पैसे अशा दुपारी माणूस एकटा पडू नये, म्हणून तो आहे.

उत्तर ३ : एक भगिनी, विदर्भ

मी थोडे कठोर लिहिणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मी पूर्वी ज्या मंडळीत होते, तेथे पाळकांनी इमारत निधीतली रक्कम स्वतःसाठी वापरल्याचे काही जणांना ठाऊक होते. ‘मंडळीची बदनामी होईल’ असे म्हणून ते सहा वर्षे झाकून ठेवले गेले. शेवटी ती गोष्ट बाहेरच्यांकडूनच सर्वांना कळली आणि त्या वर्षी आमच्या युवक संघातली निम्मी मुले उपासनेला यायची थांबली. १ तीमथ्य ३:७ मध्ये बाहेरच्या लोकांची चांगली साक्ष हवी असे म्हटले आहे. झाकलेल्या गोष्टीतून ती साक्ष कधीच मिळत नाही.

म्हणून पाळकसाहेबांच्या खोलीत कबुली देऊन प्रकरण तेथेच मिटवू नये, असे मला वाटते. १ तीमथ्य ५:१९ मध्ये दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलांवर आरोप घेऊ नये असे आहे, आणि ते योग्यच आहे, कारण खोटे आरोप करणारेही असतात. पण लगेच पुढच्या वचनात, जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमक्ष दोष द्यावा, असे म्हटले आहे. आम्ही पहिले वचन ढालीसारखे वापरले आणि दुसरे वाचलेच नाही.

निवृत्त पाळकसाहेबांना एक विचारते. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा त्याच पाळकांच्या हातून झाला. तो बाप्तिस्मा खरा आहे ना?

उत्तर ४ : निवृत्त पाळक

ताई, तो बाप्तिस्मा खरा आहे. हा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीत फार कडवटपणे विचारला गेला. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हाती दिले, त्यांच्या हातून झालेली दीक्षा किंवा बाप्तिस्मा मान्य नाही, असे दोनातपंथीय म्हणत. ३१४ साली आर्ल येथील परिषदेने त्यांच्या विरोधात निर्णय दिला, आणि पुढे हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी सविस्तर मांडले, की बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्त आहे, सेवकाचा हात केवळ साधन. आपल्या मुलीला दिलेले वचन त्या पाळकांचे नव्हते.

मात्र या शिकवणीचा आधार घेऊन कोणी ‘मग पाळक कसाही असला तरी चालेल’ असे म्हणू नये. विधीची सत्यता आणि सेवकाची लायकी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांच्या पंक्तीतून उठून गेला, तेव्हा पौलाने सर्वांदेखत त्याला विरोध केला, हे गलतीकर २ मध्ये आहे. पेत्राचे मोठेपण आड आले नाही. आपल्या मंडळीत तसे बोलणारे कोणी उभे राहिले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. खाजगी कबुलीवर थांबू नये, हे आपले म्हणणेही मला पटते.

मूळ प्रश्नकर्ता, आठ दिवसांनी

सर्वांचा मी ऋणी आहे. हिशेबनीसांचे वाक्य मला लागले. इतक्या वर्षांत मी जोडीदारांचा विचारच केला नव्हता, हे खरे आहे.

मंगळवारी संध्याकाळी मी जरीपटक्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नींनी चहा ठेवला. तो येईपर्यंत मी सर्व सांगून टाकले, कारण चहा घेतल्यावर माझ्याने बोलवले नसते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘पुतणीच्या लग्नाचा तोच रविवार ना?’ मी हो म्हणालो. ते म्हणाले, की आपण न मोजता सही केली हे त्यांनाही त्या बुधवारीच खटकले होते, आणि त्याआधीही दोनदा त्यांनी असेच केले होते. माझ्या एकट्याच्या निवेदनात त्यांचे नाव येण्यापेक्षा स्वतः लिहून द्यायचे त्यांनी ठरवले.

गुरुवारी आम्ही दोघे पाळकसाहेबांना भेटलो. माझे नाव मी या वर्षीच्या यादीतून काढून घेतले आहे आणि ६०० रुपये पावती घेऊन जमा केले आहेत. आमची दोन्ही निवेदने शनिवारी कमिटीपुढे वाचली जातील. मंडळीसमोर काय आणि किती सांगायचे, ते कमिटी ठरवील. भगिनींनी लिहिलेले मी पाळकसाहेबांना वाचून दाखवले, आणि २०११ चे रजिस्टर व पासबुक दोन्ही त्या दिवशी टेबलावर ठेवावीत, असे त्यांनी कोषाध्यक्षांना कळवले आहे.