घाणेरीची दुरंगी पाने हिरवी होत आहेत, मदत हवी आहे

पुण्यात पश्चिमेकडच्या गच्चीत, 12 इंची कुंडीत, पिवळसर कडांच्या पानांची घाणेरी (नाव वाईट, झाड मात्र गुणी) मी दोन वर्षांपूर्वी लावली असून तिला दुपारनंतर सुमारे 5 तास ऊन मिळते. पावसाळ्यापासून तिला निव्वळ हिरव्या पानांच्या जोमदार फांद्या फुटत आहेत. त्या मी दोनदा निम्म्यावर छाटल्या, तरी खालून पुन्हा हिरव्याच आल्या. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत देते, युरिया कधीच दिलेला नाही, कीडही दिसत नाही. फुलांवर रोज फुलपाखरे येत असल्याने कोणतीही फवारणी करायची नाही. अशा हिरव्या फांद्या थेट उगमापासून काढाव्यात का, आणि ऐन बहरात त्या काढल्यास उरलेल्या दुरंगी फांद्यांची फुले थांबतील का?