जर्मनीत एक्सचेंज सेमिस्टर: कॅटलॉगमधले नेमके कोणते कोर्स आपल्याला घेता येतात?

यंत्रवेडा

मेकॅनिकलला आहे, तिसरं वर्ष संपत आलंय. सातव्या सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या एका टेक्निकल युनिव्हर्सिटीत एक्सचेंजला निवड झाली आहे. नॉमिनेशनचं पार पडलं. आता तिकडून मेल आलाय, लर्निंग ॲग्रीमेंट (तिकडे कोणते कोर्स घेणार याचा दोन्हीकडच्या सहीचा करार) भरा, साधारण ३० ईसीटीएसचे (युरोपातले क्रेडिट) कोर्स निवडा.

त्यांचा कॅटलॉग उघडला आणि डोकं गरगरलं. शेकडो कोर्स. इंग्रजीचा फिल्टर लावला की यादी एकदम आटते, आणि उरतात ते बहुतेक सगळे मास्टर्सचे. बॅचलरच्या मुलाला ते देतात का? एक रोबोटिक्सचा कोर्स फार आवडलाय, पण तो कॉम्प्युटर सायन्सवाल्यांच्या फॅकल्टीत आहे. तो मागू का, की उगाच नको?

आमच्या एचओडी सरांचं एकच पालुपद, 'नावं जुळली पाहिजेत.' आमच्याकडे सातव्या सेमला फायनाइट एलिमेंट, एक थर्मलचा विषय, दोन इलेक्टिव्ह आणि प्रोजेक्टचा पहिला टप्पा आहे. हुबेहूब ही नावं तिकडे कुठून आणू? मित्रांना विचारलं तर म्हणतात, काहीही घे रे, फिरायलाच चाललायस ना. मला वर्ष वाया घालवायचं नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

कॉफीकप

मास्टर्सचे कोर्स बॅचलरच्या एक्सचेंजवाल्यांना बऱ्याच ठिकाणी मिळतात, फक्त प्रोफेसरची किंवा डिपार्टमेंटची परवानगी लागते. जर्मनीत बॅचलर मुख्यतः जर्मनमध्येच शिकवतात, इंग्रजी वाढते ती मास्टर्सला. त्यामुळे तुझ्या फिल्टरला जे दिसतंय ते बरोबरच आहे, घाबरू नकोस. पण प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी काय येत असायला हवं ते, वाच. मास्टर्सच्या कंट्रोलच्या कोर्समध्ये पहिल्याच तासाला स्टेट स्पेस (सिस्टिम मॅट्रिक्सच्या समीकरणांत मांडायची पद्धत) येतं असं धरून सुरुवात होते.

रानवारा

मी एक्सचेंजला गेले होते, नंतर मास्टर्सलाही तिकडेच गेले. सविस्तर लिहिते, कारण एक्सचेंजला जाणाऱ्या ज्युनिअर्सकडून हाच प्रश्न दर वर्षी येतो आणि प्रत्येकाला वेगळा मेल लिहायचा कंटाळा आलाय.

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाक की कॅटलॉग म्हणजे तुझ्यासाठीची यादी. तो सगळ्या विद्यापीठाचा कॅटलॉग आहे. एक्सचेंजचा करार बऱ्याचदा एका फॅकल्टीपुरता असतो. तुझा करार मेकॅनिकलशी असेल तर मेकॅनिकलचे कोर्स तुला सहज मिळतील, बाहेरचे त्या फॅकल्टीच्या मर्जीवर. निम्मे तरी क्रेडिट आमच्याच फॅकल्टीतून घ्या, असा नियम अनेक ठिकाणी असतो. म्हणून रोबोटिक्स जरूर माग, पण त्या एका कोर्सवर सगळा डोलारा उभा करू नकोस. तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला एका ओळीत विचार, 'दुसऱ्या फॅकल्टीचे किती क्रेडिट चालतात?' उत्तर येतं.

आता कॅटलॉग बाजूला ठेव आणि मॉड्युल हँडबुक शोध. त्याला ते मोडुलहांडबुख म्हणतात. कंटाळवाणी, शेकडो पानांची पीडीएफ असते, पण खरी माहिती तिथेच. प्रत्येक मॉड्युलचं एक-दोन पानांचं वर्णन. मी त्यात आधी बघते तो टर्नुस, म्हणजे मॉड्युल कधी शिकवतात ते. बरीचशी मॉड्युलं वर्षातून एकदाच असतात, एकतर विंटरला नाहीतर समरला. तू ऑक्टोबरमध्ये चाललायस म्हणजे विंटर सेमिस्टर. तुझ्या आवडीचं काहीतरी 'फक्त समर' निघणार, ठरलेलंच आहे. वाईट वाटून घेऊन पुढे जायचं.

मग परीक्षेचा प्रकार. तिकडे आपल्यासारखे इंटर्नल, युनिट टेस्ट, असाइनमेंटचे मार्क असं फारसं नसतं. पुष्कळ कोर्सना शेवटी एकच परीक्षा, तीच शंभर टक्के. दीड-दोन तासांची लेखी, नाहीतर प्रोफेसरसमोर बसून वीस-तीस मिनिटांची तोंडी. तोंडी परीक्षेला आपली मुलं उगाच भितात. मला तर ती लेखीपेक्षा बरी वाटली, अडलास तर प्रोफेसर धक्का देऊन पुढे नेतात. आणि हे नीट लक्षात ठेव: कोर्सला नाव घालणं वेगळं आणि परीक्षेला नाव घालणं वेगळं. दोन्हीच्या तारखा वेगळ्या. परीक्षेचं रजिस्ट्रेशन राहिलं तर सगळे तास बसूनही ट्रान्सक्रिप्टवर काही येत नाही.

तासांचा हिशेब. जर्मनीत एक ईसीटीएस म्हणजे ३० तासांचं काम धरतात. पाच ईसीटीएसचा कोर्स म्हणजे दीडशे तास. पण वर्गातले तास आठवड्याला चार दिसतील, आणि तेही ४५ मिनिटांचे. सेमिस्टरला चौदा-पंधरा आठवडे, म्हणजे वर्गात पन्नास तासही होत नाहीत. उरलेले शंभर तू घरी बसून करायचेस आणि ते कुणी विचारायला येत नाही. टाइमटेबल मोकळं दिसतं म्हणून सात-आठ कोर्स भरणारे मी पाहिलेत. फेब्रुवारीत त्यांचे चेहरेही पाहिलेत.

व्याख्यान आणि त्याची उदाहरणं सोडवायचा तास असे दोन भाग असतील तर दोन्हीची भाषा तपास. व्याख्यान इंग्रजीत आणि उबुंग, म्हणजे उदाहरणांचा तास, जर्मनमध्ये असं कधीकधी असतं. लॅब आणि सेमिनारला जागा मोजक्या असतात, तिथे आधी त्यांच्या नियमित मुलांचा नंबर लागतो. म्हणून ३० चे कोर्स हवे असतील तर चाळीसेक ईसीटीएसची यादी तयार ठेव. लर्निंग ॲग्रीमेंट नंतर बदलता येतं, त्यासाठी वेगळा भागच असतो, पण सेमिस्टर सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच. नंतर नाही.

(टाइमटेबलवर १० सी. टी., म्हणजे पंधरा मिनिटं उशिरा, असं लिहिलेलं दिसलं तर तास सव्वादहाला सुरू होतो. पहिल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात बसलेले सगळे परदेशीच असतात.)

खडू_फळा

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि परत आलेल्या मुलांच्या ट्रान्सक्रिप्टवर इक्विव्हॅलन्सची, म्हणजे तिकडचा विषय आपल्या विषयाच्या बदली धरल्याची, सही करतो. रानवारा ताईंनी जायचं कसं ते चांगलं सांगितलं आहे. मी परत येण्याचं सांगतो, कारण अडतं ते तिथेच.

यंत्रवेडा, तुमच्या एचओडींना नावं जुळायला हवीत असं वाटतं, कारण त्यांच्यासमोर नावांखेरीज काही ठेवलेलं नसतं. तुम्ही त्यांच्यापुढे सिलॅबस ठेवा. डावीकडे आपल्या विषयाची युनिट्स, उजवीकडे तिकडच्या मॉड्युलमधले टॉपिक. माझ्या अनुभवात सत्तर टक्क्यांच्या आसपास जुळलं की कमिटी फारशी खळखळ करत नाही, पण हा आकडा तुमच्या कॉलेजच्या ऑर्डिनन्समध्ये (नियमावलीत) बघा, प्रत्येकाचा वेगळा असतो. नुसत्या नावावर गेलात तर फसगत होते. जर्मनीत टेक्निशे मेखानिक १, २, ३ अशी मॉड्युलं असतात. नाव एकच, पण पहिलं सहसा स्टॅटिक्स, दुसरं म्हणजे आपलं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आणि तिसरं डायनॅमिक्स. इलेक्टिव्हच्या बाबतीत तर नाव जुळायची गरजच नाही. विषय शाखेचा आणि त्या पातळीचा असला की झालं.

क्रेडिटचा हिशेब. एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०१८ चा मॉडेल करिक्युलम चार वर्षांना १६० क्रेडिट धरतो, म्हणजे सेमिस्टरला सरासरी वीस. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस, सेमिस्टरला ३०. म्हणजे दीड ईसीटीएसला आपलं एक क्रेडिट. सहा ईसीटीएसचं मॉड्युल आपल्या चार क्रेडिटच्या विषयाला पुरतं, पाचचं मात्र चारला पुरत नाही, साडेतीनच्या आतच राहतं. कॉलेजने एकास एक धरलं तर तुमचा फायदा, पण तसं लेखी घ्या. एखाद्या विषयासाठी दोन छोटी मॉड्युलं एकत्र धरता येतात का तेही विचारा.

कुणीतरी तुम्हाला यूजीसीची तीस टक्क्यांची मर्यादा सांगेल. ती २०२२ च्या रेग्युलेशनमधली आहे आणि ट्विनिंग प्रोग्रॅमला (पदवी इकडची, काही भाग परदेशी विद्यापीठात) लागू आहे, परदेशातले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत अशी. एका सेमिस्टरच्या एक्सचेंजला तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम बघायचे.

आता ग्रेड. तिकडे १.० सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. आपल्याकडे दहापैकी पॉइंट. १.७ चं ट्रान्सक्रिप्ट पाहून 'हा मुलगा नापास आहे का' असं मला ऑफिसातून खरोखर विचारलं गेलं आहे. रूपांतराचं सूत्र कुठलं वापरणार, की नुसतं 'पास' लिहून सीजीपीएतून वगळणार, हे जाण्याआधी ठरवून घ्या.

आणि तारखा, याकडे कुणीच लक्ष देत नाही. जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीचं विंटर सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, परीक्षा त्यानंतर, काही तर थेट मार्चमध्ये. आपलं आठवं सेमिस्टर सुरू होतं जानेवारीत. म्हणजे तुम्ही परत याल तेव्हा इकडे मिड सेम होऊन गेलेली असेल. हजेरीचं काय, मिड सेमचं काय, हे एचओडींकडून लेखी घ्या. तोंडी 'बघू, करू' वर विमानात बसू नका. होखशूले (जास्त प्रॅक्टिकल शिक्षण देणारी कॉलेजं) प्रकारच्या संस्थांमध्ये सेमिस्टर साधारण महिनाभर आधी सुरू होतं, पण तुमची युनिव्हर्सिटी आहे.

यंत्रवेडा

सर, ताई, खूप आभार. मार्चच्या परीक्षेचं मला कुणी म्हणजे कुणीच बोललं नव्हतं. हँडबुक डाऊनलोड करून रात्रभर बसलो. आता यादी अशी:

फायनाइट एलिमेंट ६, हीट ट्रान्स्फरचा मास्टर्सचा कोर्स ५, व्हेइकल डायनॅमिक्स ५, रोबोटिक्स ६ (मेल टाकलाय), जर्मन भाषा ए१ ४. एकूण २६. प्रोजेक्टचा पहिला टप्पा कुठेच बसत नाहीये. आणि जर्मन भाषा कॉलेज धरेल का?

खडू_फळा

भाषेचा कोर्स ओपन इलेक्टिव्ह किंवा ह्युमॅनिटीजमध्ये बसतो का बघा. अनेक ठिकाणी बसतो. तुमचं ते इलेक्टिव्ह आधीच होऊन गेलं असेल तर तो हौसेखातर. मग हिशेबात धरायचे फक्त २२, म्हणजे आपले पंधराही होत नाहीत.

रानवारा

प्रोजेक्ट कॅटलॉगमध्ये शोधतोयस म्हणून सापडत नाहीये! तिकडे तो प्रोफेसरच्या लेअरस्टूलमध्ये मिळतो. लेअरस्टूल म्हणजे एका प्रोफेसरचा विभाग, त्याच्याखाली पीएचडीवाल्यांची फौज. प्रत्येकाच्या वेबसाइटवर विद्यार्थ्यांसाठीच्या कामांची यादी असते: श्टुडिएनआरबाइट, सेमेस्टरआरबाइट, असं काहीबाही नाव. विषय, लागणारी कौशल्यं आणि खाली एका पीएचडीवाल्याचा ईमेल. प्रोफेसरला लिहू नकोस, त्या पीएचडीवाल्याला लिही. 'डिअर सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड' छापाचे मेल ते उघडतही नाहीत. त्याच्या यादीतला एक विषय धर, तू आधी काय केलंयस ते चार ओळींत सांग, सॉफ्टवेअर कोणतं येतं ते सांग, ट्रान्सक्रिप्ट जोड. आणि हे काम एक्सचेंजच्या विद्यार्थ्याला क्रेडिटसकट देता येतं का, किती ईसीटीएस, हे पहिल्याच मेलमध्ये विचार. सगळीकडे देत नाहीत.

मिळालं तर तुझी तारखांची अडचणही हलकी होते. प्रोजेक्टला परीक्षा नसते, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन. ते कधी द्यायचं हे गाइडशी बोलून ठरतं, फेब्रुवारीच्या आत संपवता येतं. मी तुझ्या जागी असते तर व्हेइकल डायनॅमिक्स राखीव यादीत टाकून त्या जागी आठ-दहा ईसीटीएसचा प्रोजेक्ट घेतला असता. तिकडे जाऊन लेक्चर ऐकण्यापेक्षा तिकडच्या टेस्ट रिगवर हात मारायला मिळणं कधीही मोलाचं. हे माझं मत, सर वेगळं म्हणतील.

खडू_फळा

सर तेच म्हणतात. फक्त आपल्याकडचा एक को-गाइड आत्ताच ठरवा, म्हणजे आठव्या सेमला दुसरा टप्पा त्याच विषयावर पुढे नेता येईल.

पानगळ

मध्येच घुसते, माफ करा. माझी बहीण एमबीबीएसला आहे, तिलाही असं एखादं सेमिस्टर जमेल का?

कॉफीकप

अवघड आहे. मेडिसिन, फार्मसी, कायदा हे जर्मनीत स्टाट्सएक्झामेनचे, म्हणजे सरकारी परीक्षेने संपणारे अभ्यासक्रम, जागा मोजलेल्या आणि शिकवणं जर्मनमध्ये. रुग्णांशी बोलायचं म्हणजे जर्मन चांगलंच हवं. तिने सेमिस्टरऐवजी इलेक्टिव्ह पोस्टिंग किंवा लॅबमधली समर इंटर्नशिप बघावी. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मेकॅनिकलवाल्यांमध्ये हरवेल.

यंत्रवेडा

दोन लेअरस्टूलना मेल गेले. एकाचं उत्तर आलं, त्याने विचारलंय की पायथन कितपत येतं आणि ऑक्टोबरच्या कितव्या आठवड्यात हजर होशील. आज सिलॅबसचा तक्ता घेऊन एचओडी सरांकडे जातोय. त्यांच्या सहीआधी लर्निंग ॲग्रीमेंट पाठवत नाही.