मीटर बसलेत, तर पाणीपट्टी वापराप्रमाणे का नको?

औंधकर:
पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत बऱ्याच नळांना मीटर बसवले. तरी घरगुती पाणीपट्टी अजून घराच्या करपात्र मूल्यावरच, म्हणजे मालमत्ता कर ज्यावर लागतो त्या रकमेवरच ठरते. घर मोठं म्हणून जास्त भरायचं, पाणी कितीही वापरा. हे बंद व्हायला हवं. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला महिन्याला साधारण १६ हजार लिटर होतात. तेवढं स्वस्तात द्या, पुढे चढता दर लावा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांत मिळून २९ टीएमसीच (अब्ज घनफूट) मावतं, त्यातच शेतीचंही पाणी. २०२३ च्या मे महिन्यात दर गुरुवारी पाणी बंद ठेवावं लागलं होतं, विसरलात का?

उंड्री_रहिवासी:
आमच्याकडे या, मग दराचं बोलू. सोसायटी टँकरवर चालते. बिल्डरने परवानगी घेताना हमीपत्र दिलं होतं की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. ताबा दिला आणि तो गेला. आता कर महापालिकेला आणि टँकरचे पैसे वेगळे. महापालिकेने २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. आधी जलवाहिनी टाका, मीटरचं नंतर.

औंधकर:
तुमची अडचण खरी आहे. पण जिथे भरपूर पाणी येतं तिथला वापर मोजल्याशिवाय तुमच्याकडे वळवायला पाणी आणायचं कुठून?

वाड्यातली:
मीटर सोसायटीच्या किंवा वाड्याच्या नळाला असतो, प्रत्येक घराला नाही, हे कुणी बोलतच नाही. आमच्या पेठेतल्या वाड्यात एकच जोडणी आणि बिऱ्हाडं अनेक. एकाने गाडी पाईपने धुतली तर चढत्या दराचा भार सगळ्यांवर पडणार, पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींवरसुद्धा. त्यात ज्यांनी लाइनला थेट मोटर लावली आहे ते पुढच्यांचं पाणी ओढून घेतात. ते आधी तोडा. मीटर मोटर पकडत नाही.

औंधकर:
मग वाड्यांना बिऱ्हाडांच्या संख्येप्रमाणे सवलत द्यावी. सोसायट्यांनी आत घरटी पोटमीटर लावावेत. पण एका अडचणीपायी सगळंच थांबवणं मला पटत नाही.

कालव्याकाठचा_दौंडकर:
शहरातली ही भांडणं वाचून वाईट वाटतं. मुठा उजव्या कालव्यावर दौंड-इंदापूरचा ऊस, कांदा, चारा उभा आहे. शहराचा वापर वाढला की आमचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची पाळी, लांबतं. सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) कालव्यात सोडायचं ठरलं होतं. आम्हाला ते नीट शुद्ध होऊन, ठरलं तेवढं मिळू दे. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ हाच कालवा फुटला, वस्तीत पाणी शिरलं, संसार वाहून गेले. शहर त्या कालव्याकडे फक्त तेव्हाच बघतं.

वाड्यातली:
म्हणूनच म्हणते, आधी टाकीनिहाय हिशोब जाहीर करा. कोणत्या टाकीत किती पाणी आलं, तिच्या भागातल्या मीटरमध्ये किती भरलं आणि मधलं किती गेलं. गळती आमची नसेल तर तिचे पैसे आमच्या बिलात नकोत.

उंड्री_रहिवासी:
याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि त्याच हिशोबात टँकर भरण्याची ठिकाणं आलीच पाहिजेत. महापालिकेच्या केंद्रावरून रोज किती टँकर भरले आणि कोणत्या भागात रिकामे झाले, हे कळल्याशिवाय एक रुपयाही वाढवू देणार नाही.