आरओची मेंब्रेन बदलू की मशीनच काढू? (मुलुंड, पालिकेचं पाणी)

पाटावरवंटा, मुलुंड पूर्व

नमस्कार मंडळी. ओट्यावरच्या आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनची, मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) गेली म्हणे. सर्व्हिसवाला साडेचार हजार सांगून गेलाय, वर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या म्हणतो. मला मशीनच काढून टाकायचंय, पण घरात मी एकटी पडलेय.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. भातसा, तानसा, मोडकसागर सगळी आमच्याच बाजूला, आणि एप्रिल लागला की आमच्याच पाड्यांवर टँकरसाठी हंड्यांची रांग. मुंबईकडे जाणाऱ्या त्या अजस्र पाइपांच्या कडेकडेने आम्ही शाळेत जायचो. त्यामुळे आरओची ती बारीक नळी सिंकमध्ये अखंड गळताना बघितली की जीव तुटतो. परवा नळी बादलीत सोडून बघितली. इकडे लिटरभराचा जग भरेस्तोवर तिकडे तीन लिटर!

शेजारच्यांकडून टीडीएस मीटर आणला (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे किती मिलिग्रॅम ते दाखवतो). नळाचं पाणी ६८, आरओचं ८, आणि जे फेकून देतोय ते ९० च्या आसपास. मीटर बिघडलाय का?

खरी अडचण सासूबाईंची आहे. त्या सर्व्हिसवाल्याने दोन ग्लास मांडून त्यात दोन-दोन दांड्यांचं कसलंसं यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. नळाचं पाणी आधी पिवळट, मग गढूळ तपकिरी झालं, वर शेवाळासारखा तवंग. आरओचं जसंच्या तसं. सासूबाईंनी तोंडाला पदरच लावला. "इतकी वर्षं हे प्यायलो आपण?" त्यांना काय सांगू?

खडूफळा, दादर

ताई, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून आधी त्या दांड्यांबद्दल. घाण पाण्यातली नव्हती, दांडीची होती. लोखंडाच्या दांडीतून वीज गेली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते आहेत, आरओने काढून टाकलेत, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहिला. दोन साधे खिळे आणि नऊ व्होल्टची बॅटरी घ्या, आरओच्या पाण्यात चमचाभर मीठ टाका आणि सासूबाईंना समोर बसवून करून दाखवा.

मीटर ठीक आहे. चार लिटर पाणी आत गेलं, त्यातलं एक जवळजवळ बिनक्षाराचं होऊन निघालं, तर त्याचे क्षार उरलेल्या तीन लिटरांत वाटले जाणार. ६८ चे ९० होणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा ५०० आहे. म्हणजे तुमच्या सिंकमध्ये वाहून जातंय तेही क्षारांच्या हिशोबाने मर्यादेच्या पाचव्या हिश्शाहून कमी. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितलंच होतं की टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ बंद करा.

आणि हो, ६८ चे ८ होतायत तर मेंब्रेन गेली कशी? धार बारीक झाली असेल तर गोष्ट वेगळी.

एक मात्र लक्षात घ्या. मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. भांडुप आणि पांजरापूरला पाणी शुद्ध होऊन क्लोरीन घालून निघतं, पण आपल्याकडे ते दिवसातून काही तासच येतं. बाकीचा वेळ पाइप रिकामा, कुठे फुटका असला तर शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढतो. मग आपली टाकी. त्यामुळे आरओ काढलात तरी यूव्ही (अतिनील उजेडाने जंतू मारणारं यंत्र) लावा किंवा पाणी उकळा. नळाखाली तोंड लावून पिऊ नका.

चारकोप_नाका

सर, तुमचं पटलं, पण सगळ्या मुंबईला लावू नका. आमची सोसायटी खाडीच्या बाजूला. मार्चपासून टँकर, तो कमी पडला की बोअरिंगचं पाणी, आणि सेक्रेटरी सगळं एकाच टाकीत सोडतात. मे महिन्यात मीटर ९०० दाखवतो, चहासुद्धा मचूळ लागतो. तिथे आरओला पर्याय नाही. नळीचं पाणी आम्ही ड्रममध्ये धरतो, लादी आणि संडासाला जातं. झाडांना मात्र नको, कढीपत्त्याची पानं कडेने करपली. ताईंचं ९० चं पाणी झाडांना बिनधास्त चालेल.

ताई, टाकीत टँकर पडतो का ते आधी विचारा, आणि मीटर उन्हाळ्यातही एकदा बुडवा.

पाटावरवंटा

काका, खिळे, बॅटरी, मीठ, सगळं केलं! थोड्या वेळात हिरवट, मग विटकरी चिखल. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मेल्याने माझ्या ग्लासात लोखंड विरघळवलं?" आता त्यांना त्या माणसाला परत बोलवायचंय, वेगळ्या कारणासाठी.

धार पहिल्यासारखीच आहे. मेंब्रेनचं कळलं काय ते.

टँकर आमच्याकडे येत नाही. नवरा यूव्ही म्हणतो, सासूबाई आता उकळूनच पिऊ म्हणतात. पण रोज पाच जणांचं पाणी उकळायचं म्हणजे गॅस गेलाच की. मग पर्यावरणाचं काय साधलं?

कल्हई

पावसाळाभर उकळ, बाकी यूव्ही. यूव्हीचा दिवा थोडक्या वॅटचा, पाणी चालू असेपर्यंतच जळतो. पण पाणी गढूळ असलं की उजेड आरपार जात नाही आणि जंतू तसेच निसटतात, म्हणून जून-जुलैत नळाला माती आली की त्याच्यावर विसंबू नकोस. उकळताना खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. आमच्या चाळीत बायका वीस-वीस मिनिटं पातेलं ठेवतात, तिथेच सिलिंडर जातो. झाकण ठेव, गार झालं की गाळून माठात.

वीज सारखी जात असेल तर यूएफ (अतिबारीक छिद्रांतून जंतू गाळणारा फिल्टर) बघ, त्याला वीज लागत नाही. आणि यूव्हीवाला "सोबत आरओ फुकट देतो" म्हणेल, त्यांच्याकडे बहुतेक जोडूनच असतं. ठाम नाही म्हण.

सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारलंस का?

पाटावरवंटा

विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "रजिस्टर बघून सांगतो." रविवारी मीच वर चढतेय, टॉर्च घेऊन.