ठेकेदार बदलतो, माणसं तीच राहतात

'कचरा उचलण्याचा ठेका खासगी कंपनीला दिला की काम चोख होतं आणि महापालिकेचे पैसेही वाचतात' असं म्हटलं जातं, त्यावर थोडी भर घालतो.

काम चोख होणं हे करारात पैसे कशाचे द्यायचे ठरलंय यावर अवलंबून असतं. कचऱ्याचं बिल टनावर निघत असेल, तर गल्ली स्वच्छ ठेवण्यापेक्षा काट्यावर वजन भरवण्यात कंपनीचा फायदा. मग ओला-सुका वेगळा करायला कोण सांगणार? आणि वाचलेले पैसे बहुतेक वेळा मजुरीतूनच वाचलेले असतात. ठेका दोन-तीन वर्षांनी बदलतो, पण घंटागाडीवरची माणसं तीच. कागदावर मात्र दरवेळी नवी नोकरी सुरू होते. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं भरायची कधी?

आपल्या सोलापूरला हे नवं नाही. कारखानदार आणि विडी वळणारी बाई यांच्यामध्ये ठेकेदार उभा राहिला की हिशेब कुणाला मागायचा, हे शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या घराघरांत माहीत आहे. १९६६ चा विडी कामगार कायदा त्यासाठीच करावा लागला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, अशी तरतूद आली. इथे मूळ मालक म्हणजे महापालिका. त्यामुळे 'तो ठेकेदाराचा प्रश्न आहे' हे उत्तर कुठल्याही अधिकाऱ्याकडून ऐकून घेऊ नका.

बिल मंजूर करण्याआधी पगाराची आणि पीएफची चलनं तपासली का, एवढं माहिती अधिकारात मागा. करारनामाही मागा, दंडाच्या अटींसकट.